पहिल्या रिंगचा मानकरी

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.४०
आजपासून ऑफिसातल्या सगळ्या मशिनांचे अपडेट थेट 'वरून' येणार. वर म्हणजे नक्की कुठून, हे सिस्टिम मॅडमनाही नीट सांगता आलं नाही. त्यांना इथं येऊन जेमतेम आठ महिने झालेत. कानामागून आली आणि तिखट झाली. सगळा उंटावरून शेळ्या हाकायचा प्रकार.

नोंद असावी म्हणून लिहितो. पूर्वी मी सीड्यांचा डबा घेऊन तीन मजले फिरायचो. चौऱ्याण्णव मशिनं. मी आलो की लोक खुर्ची सोडून उठायचे, चहा मागवायचे. मग सर्व्हर आला. मी माझ्या टेबलावरून एक बटण दाबायचो. चहा बंद झाला, पण लोक फोनवर गयावया करायचे की आत्ता नको, दुपारी दाबा. मी मुद्दाम आत्ताच दाबायचो. आता बटणही गेलं.

संकल्प : कडवटपणा नको. 'आमच्या वेळी' हे शब्द दिवसातून दोनदाच.

५ मार्च
यादी लागली. अपडेट एकदम सगळ्यांना नाही. चार रिंगा, म्हणजे गट, केल्यात. आधी पहिल्या रिंगला येणार, तिथं आठवडाभर निभावलं की पुढच्यांना. पहिल्या रिंगमध्ये फक्त पाच मशिनं आणि त्यांत माझं. मोठे साहेब चौथ्या रिंगमध्ये, म्हणजे सगळ्यात शेवटी. बिचारे.

विभागप्रमुखाची खुर्ची जानेवारीपासून रिकामी आहे. शहाण्याला अधिक सांगणे न लगे.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, दूध नासलंय की काय अशी शंका आली की मीसुद्धा ते आधी तुम्हालाच देते. तिला ऑफिसातलं काही कळत नाही. मेहुण्याला फोन केला. त्याने अभिनंदन करून नव्या पदाचं नाव विचारलं. तेवढ्यात रेंज गेली.

१० मार्च
पहिल्या रिंगमधली बाकीची मशिनं पाहून आलो. दोन ट्रेनिंग रूममधली. एक दाराशी 'स्वागत' दाखवणाऱ्या स्क्रीनचं. आणि एक स्टोअरकीपरचं. हा गृहस्थ जेवणानंतर खोक्यांना टेकून घोरतो. त्याचा कीबोर्ड सहा महिने बंद आहे. असला माणूस माझ्या पंगतीत?

मॅडमना भेटून त्याला काढायला सांगितलं. शोभेसं कारण द्यायला हवं म्हणून म्हटलं, त्याचं मशीन अडलं तर सगळ्या ऑफिसचं सामान अडेल. त्यांनी विचारलं, आणि तुमचं अडलं तर? मी हसून म्हटलं, माझी काळजी सोडा. त्यांनी ते लिहून घेतलं.

१२ मार्च, ११.०५
आलं अपडेट. ३५ टक्क्यांवर थांबलंय.

संकल्प : हात लावायचा नाही. पूर्वी असं झालं की मी वायर उपटून परत लावायचो, दोन मिनिटांत मशीन ताळ्यावर. पण ते अडाणी दिवस गेले. आता निरीक्षण.

१३ मार्च
सकाळी ३५. दुपारी ३५. निघताना ३५.

१७ मार्च
३५. कोणाचाही फोन नाही. मला त्रास द्यायचा नाही अशी सूचना गेलेली दिसते. ड्रॉवर आवरला.

१८ मार्च
कॅन्टीनमध्ये अकाउंट्सच्या बाईंनी विचारलं, रजा कशी गेली. बाई पहिल्यापासून वेंधळ्या.

१९ मार्च
मॅडमनी फॉर्म दिला. कागदी, कारण माझं मशीन बंद. मुख्य प्रश्न एकच : अपडेटमुळे तुमचं काम किती अडलं?

सापळा लगेच ओळखला. रडकी माणसं 'फार' लिहितात आणि तिथंच बाद होतात. मी लिहिलं : 'आठवडाभर मशीन पूर्ण बंद होते, तरी काम काडीचेही अडले नाही.' खाली ठसठशीत सही.

मॅडमनी वाचलं. मग मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. खात्री आहे का, असं दोनदा विचारलं. हवं तर घरी न्या, विचार करून उद्या द्या, असंही म्हणाल्या. घाबरल्या होत्या. मी म्हटलं, नोटीस बोर्डावर लावा हवं तर.

२४ मार्च
नवा शर्ट घेतला. मुलीने इस्त्री करून दिली. कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांचा हुद्दा लिहायचाय, काय लिहू, असं तिने विचारलं. विभागप्रमुख लिही म्हटलं. चार दिवसांचा तर प्रश्न आहे.

२८ मार्च, दुपारी ३
लखोटा आला. विभागप्रमुखपदी मॅडम. माझं पद एक तारखेपासून रद्द. कारण म्हणून एकच ओळ दिली आहे आणि ती माझीच आहे. सोबत फॉर्मची झेरॉक्स. सही छान उमटली आहे.

पहिली रिंग कशी निवडली तेही जोडलंय : 'बंद पडली तरी कोणाचे काही अडणार नाही अशी यंत्रे.' चार वेळा वाचलं. रडू आलं. समोरून शिपाई दोनदा गेला, त्यालाही काही दिसलं नाही.

घरी सांगितलेलं नाही. मुलीने कॉलेजचा फॉर्म भरून दिलाय.

३१ मार्च, सकाळी १०.१५
मशीन जमा करून घ्यायला स्टोअरकीपर आला. त्याला नवा कीबोर्ड मिळाला आहे. मोठ्या साहेबांबरोबर चौथ्या रिंगमध्ये टाकलंय त्याला. कोणीतरी आपल्यासाठी शब्द टाकला म्हणे, कोणी ते त्याला माहीत नाही. मी सांगितलं नाही.

त्याने वायर उपटली. जमा करण्याआधी चालतंय का ते बघायचं असतं, म्हणून परत लावली. दोन मिनिटांत अपडेट पूर्ण झालं. त्याने रजिस्टरमध्ये 'चालू स्थितीत' असं लिहिलं आणि 'वापरणारा' या रकान्यात आडवी रेघ ओढली. मी सही केली.