मोरांचा पडदा आणि उरलेले सामान

दिनांक ११ एप्रिल १९५७, गुरुवार, सकाळी सव्वाअकरा वाजता, मी मंडईत गेले असताना, माझ्या चिंचवडच्या राहत्या घराच्या ओट्यावर बसून माझी भाचेसून सौ. सुमन हिने माझा मोरांचा पडदा बोहारणीला घातला आणि बदल्यात जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, दोन पातेली घेतली. या कारणाने हे मृत्युपत्र लिहावे लागत आहे. एरवी इतक्यात मरण्याचा माझा विचार नव्हता.

मी, दुर्गाबाई, कै. ज्योतीराम पासलकर यांची पत्नी, वय त्रेसष्ट, निवृत्त शिक्षिका. लेखनिकाने प्रथम 'धंदा घरकाम' असे लिहिले होते, ते मी खोडले आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, माझ्यावर कोणाचा दाब नाही. राग आहे, पण रागाच्या भरात केलेले मृत्युपत्र रद्द होते असे वकिलांनी सांगितलेले नाही. मी विचारून घेतले.

१. माझे पती लग्नाच्या दुसऱ्या वर्षी प्लेगात गेले. त्यांचा चेहरा मला आठवत नाही. वडिलांनी लोकनिंदा पत्करून मला पुण्याला ननांच्या शाळेत घातले. तिथे मी इंग्रजी शिकले आणि पितळ घासायला शिकले. पुढे जन्मभर दोन्हींचा उपयोग झाला. हे घर मी माझ्या पगारातून बांधले. त्यात कोणाच्याही बापजाद्यांची वीट नाही, म्हणून कोणाचा हक्कही नाही.

२. साहेब लोक गेल्यावर देहूरोडला त्यांच्या सामानाचे लिलाव होत. मी छत्री घेऊन पहिल्या ओळीत उभी राहत असे. कासारवाडीचा जुना सामानवाला सयाजी माझ्याविरुद्ध बोली चढवायचा आणि वर म्हणायचा, "बाई, तुमी घरी जावा, हितं बाप्यांचं काम हाय." मी इंग्रजीत बोली लावायचे. लिलाव करणारा अधिकारी इतका खूश व्हायचा, की हातोडी माझ्याकडे बघूनच पडायची. याच सयाजीने मला अखंड म्हणून एक चिनी मातीची बरणी विकली. तिला तडा होता, तो त्याने मेणाने बुजवला होता. ती बरणी त्याला परत द्यावी. मेण मी काढले आहे.

३. सांबराचे शिंगांसह मुंडके शेजारच्या कौशल्याबाईंना द्यावे. माझे सामान घरात येऊ लागले तेव्हा त्या गल्लीभर म्हणत होत्या, "गोऱ्यांच्या घरचं मेलेलं सामान, तुळशीसमोरून कसं नेतात बाई!" नंतर त्यांच्या तिन्ही मुलींना बघायला पाहुणे आले, तेव्हा माझ्या वेताच्या खुर्च्या तुळशीसमोरूनच गेल्या. त्या खुर्च्यांवर बसून गल्लीतल्या निम्म्या मुली पसंत झाल्या आहेत. खुर्च्या मात्र एकदाही पुसून परत आल्या नाहीत.

४. साहेबाचा न्हाणीचा टब अंगणात आहे. त्यात गवती चहा लावला आहे. तो हलवू नये. आणताना चार माणसे लागली होती आणि त्यांनी दिलेल्या शिव्या मला अजून ऐकू येतात.

५. आता पडदा. हिरवी मखमल, त्यावर खऱ्या जरीचे दोन मोर. चैत्रगौरीच्या आराशीत गौरीच्या मागे दरवर्षी हाच लागतो. आदल्या दिवशी झटकून दोरीवर टाकला होता. सुमनला वाटले, जुना झाला म्हणून बाहेर काढला. मी विचारले तर म्हणाली, "आत्या, तुम्हीच सांगता ना, पहिल्या भावाला हो म्हणायचं नाही. ती एकच पातेलं देत होती. मी दोन काढली." घासाघीस तिने चांगली केली, हे मी न्यायाने नमूद करते.

भाचा हिंदुराव पिंपरीला औषधांच्या कारखान्यात आहे. शिफ्टवरून आला, जेवायला बसला आणि म्हणाला, "एका फडक्यासाठी एवढं काय, आत्या?" आईवेगळे पोर म्हणून या हिंदुरावाला मी वाढवले, याच घरात. फडके हा शब्द मृत्युपत्रात यावा म्हणून इथे लिहिला आहे.

६. मी बोहारीण तानाबाईला काळेवाडीत जाऊन गाठले. ती म्हणाली, "सूनबाईनं हातानं दिला, म्या चोरला न्हाई. जरीची तार जाळली, चांदी काढली. मखमल हाय, पायजे तर घ्या." माझाच पडदा मी घासाघीस करून परत विकत घेतला. मोर उसवलेल्या जागी मखमल उन्हाने विटलेली नाही, त्यामुळे दोन गडद मोर अजून दिसतात. शुक्रवारी हळदीकुंकवाला तोच लावला. कौशल्याबाई म्हणाल्या, "यंदा मोर उडाले वाटतं." हे मी स्वयंपाकघरातून ऐकले. कारण आरास मी मांडते, पण बायका कुंकू लावून घेत असतात तेव्हा मी आत पन्हे गाळत असते. बावीस वर्षे माझ्या घरात, माझ्या समईच्या उजेडात, असेच चालले आहे. समोरच्या खोलीत माझे म्हणून जे काही बसत होते, ते म्हणजे हे सामान.

७. घर व उरलेले सर्व सामान हिंदुराव व सुमन यांना एका अटीवर द्यावे. दर चैत्रात या घरी हळदीकुंकू व्हावे, आरास याच वस्तूंची व्हावी, आणि गल्लीतल्या विधवा बायकांनाही बोलावून समोरच्या खोलीत, वेताच्या खुर्च्यांवर बसवावे. त्यांना डाळ-पन्हे आधी द्यावे. कुंकवाचे ज्याचे त्याने बघावे, पण आत कोणालाही बसवू नये. अट मान्य नसल्यास घरासह सर्वाचा अंगणात जाहीर लिलाव करून पैसा मुलींच्या शाळेला द्यावा. हिंदुरावाला बोली लावण्यास हरकत नाही.

ठिकाण चिंचवड. दिनांक १६ एप्रिल १९५७.
सही: दुर्गाबाई ज्योतीराम पासलकर

साक्षीदार: १) अर्जुनराव सावळाराम काटे. २) मालोजी बन्सी गराडे. दोघांनी सही करण्यापूर्वी मजकूर पूर्ण वाचला. अर्जुनराव कलम तीनला हसले, कलम सातला हसले नाहीत.

सौ. सुमन हिंदुराव हिला सूचना: या मृत्युपत्राची नक्कल देव्हाऱ्याशेजारी ठेवली आहे. कलम सात मान्य आहे की नाही, हे तू स्वतःच्या अक्षरात लिहून मंगळवार, दिनांक ३० एप्रिल १९५७ रोजी सायंकाळी पाचच्या आत माझ्या हातात द्यावेस. हिंदुरावाचे अक्षर चालणार नाही. आपण एकाच घरात राहत असलो तरी उत्तर लेखीच हवे. स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलेले ग्राह्य धरले जाणार नाही.