वैशाखातल्या पाठगाद्या

माय, आज जुम्मा, कचेरी बंद, आणि मी भर दुपारी टेबलाशी कोरा कागद घेऊन बसलोय. उद्या सकाळी मला लेखी अभिप्राय द्यायचाय. सरकारकडं यंदा जी रक्कम उरली आहे ती कॉलेजच्या पोरांच्या शिक्षणाच्या वजीफ्यांना द्यायची, की या नव्या लढाईवर निघालेल्या फौजेच्या लोखंडी टोपांना? मी शिक्षणखात्याचा माणूस, तेव्हा मी वजीफ्यांसाठी भांडणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. काल बैठकीत फौजेकडचा अंमलदार टोपांचं सांगून खाली बसला आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी काय बोललो असेन? म्हणालो, "आधी तो टोप कुणाच्या तरी डोक्यावर घाला आणि त्याला उन्हात उभा करून विचारा." लोक खो खो हसले. साहेब म्हणाले, चेष्टा पुरे, लिहून द्या. चेष्टा कसली डोंबलाची! तुझ्याकडनं शिकलेली तेवढी एकच तपासणी मला येते.

मागची लढाई लागल्यावरच्या पहिल्या वैशाखात कापडवाले चाचा हैदराबादेहून फौजेच्या शिवणकामाचा मक्ता घेऊन आपल्या दारात आले होते. आपल्या अंबाजोगाईचं नाव दफ्तरात मोमिनाबाद, आणि घोड्यांचा रिसाला गावातून उठून गेला तरी फौजेचं शिवणकाम जाणणाऱ्या बाया उरल्या होत्या. निजाम सरकारचे स्वार समुद्रापलीकडं वाळवंटात गेले होते. मणक्याला ऊन लागलं की माणूस कोसळतो, असं गोऱ्या डॉक्टरांचं म्हणणं, म्हणून कोटाच्या आत पाठीवर बांधायच्या जाड गाद्या हव्या होत्या, मानेपासून कमरेपर्यंत. "गोधडीच समजा, बाई," चाचा म्हणाले. तू मान हलवलीस. "गोधडी थंडीची असती, भाऊ. ही उन्हाची. ज्याच्या पाठीवर घालायची त्यालाच इचारावं लागंल." आणि माझ्याकडं बघितलंस.

झालं! मी अठरा वर्षांचा बाप्या, मॅट्रिक पास, कॉलेजला हैदराबादेस निघालेला, आणि अंगणात पाठीला गादी बांधून उन्हात उभा. शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून हसतात. "काय नवरदेव, वरात कवा?" तू दाराशी बसून पुढच्या गादीला टाके घालतेस, आणि तुझी एक ओळ पुरी होईस्तोवर मी जागचं हलायचं नाही. मग उठून येतेस. सुईनं तुझ्या बोटांना घट्टे पडलेले, गरम-थंड त्यांना धड कळायचं नाही, म्हणून सगळी मदार माझ्या तोंडावर. "कुठं लागतंय?" डाव्या खांद्याखाली म्हणालो, की उसवलीच तू ती गादी. अख्खी! केजच्या बाजारातला कापूस पुन्हा पिंजायचा, पुन्हा भरायचा. चाचा कपाळाला हात लावून बसायचे. मीही चिडायचो. "माय, कुणाला दिसत न्हाई ते." "दिसायला कशाला पायजे? लागतंय ना?" असं म्हणून तू दाताखाली दोरा तोडायचीस.

मग एके दिवशी हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं, लढाईमुळं यंदा नवे वजीफे नाहीत. सांगताना त्यांचाही आवाज पडला होता. मला हैदराबादेत ठेवणं आपल्या घराला झेपणारं नव्हतं. वजीफा नाही म्हणजे कॉलेज नाही, इतकं ते सरळ होतं. घरी आलो तर ओसरीवर गाद्यांची ही चळत! माझं डोकंच फिरलं. मी लाथ घातली. "हे बघ माझं कॉलेज. इथं पडलंय. तूच शिवलंस." तू सुई कापडात खोवून ठेवलीस. "लाथ कावून मारतोस? कुणाच्या तरी लेकराच्या पाठीला लागायची हाय ती." "आन् तुझ्या लेकराचं काय?" तू लाथाडलेली गादी झटकून पुन्हा चळतीवर ठेवलीस. मग म्हणालीस, "तुझं लई वाईट झालं. मला बी घास गिळवणार न्हाई. पर तू पुढल्या साली शिकशील. त्याला पुढलं साल हाय का न्हाई, मला ठाव न्हाई." तुझे डोळे भरले होते. ते मला दिसत होतं आणि तरी माझा राग तसूभर उतरला नाही. तू ढिगातली शेवटची गादी उचललीस. "उभा ऱ्हा. ऊन हाय तवर." मी उभा राहिलो, थंड हाय म्हणालो, तू ती गठ्ठ्यात बांधलीस. दिवस कलताना चाचांची गाडी निघून गेली.

दोन वर्षं मी धर्मापुरीला मामाच्या शेतात काढली. मग वजीफे पुन्हा सुरू झाले आणि मी शिकलो. तुझं म्हणणं उशिरा का होईना खरं ठरलं. पण तू मात्र चाचा दिसले की विचारायचीस, "भाऊ, सवार आले का माघारी?" चाचा म्हणायचे, "आले ना, बाई. बहुतेक आले." तू हात जोडायचीस. 'बहुतेक' हा शब्द ऐकला की मी उठून परसात जायचो. तुला वाटायचं, पोराला लढाईचं नाव सोसत नाही.

उद्या मी वजीफ्यांच्या बाजूनंच लिहीन. कुणा पोराची दोन वर्षं मातीत जाऊ नयेत, हे मला मनापासून वाटतं, आणि त्यासाठीच मी पगार खातो. पण टोप नकोत, हे वाक्य सकाळपासून चारदा लिहायला घेतलं आणि चारदा हात थांबला. ती शेवटची गादी थंड नव्हती, माय. दोन खांद्यांच्या मधोमध कापूस सरकला होता. तळहाताएवढ्या जागी नुसतं कापड उरलेलं आणि तिथं चटका बसत होता. तू विचारलंस तेव्हा मला सगळं कळत होतं. मी थंड हाय म्हणालो ते मुद्दाम म्हणालो.

हैदराबादेहून मी तुला इतकी पत्रं लिहिली, सगळी उर्दूत, कारण तुला ती चाचा वाचून दाखवायचे. दर पत्रात ही गोष्ट लिहावी असं वाटायचं आणि त्यांच्या तोंडून ती ऐकताना तुझा चेहरा कसा होईल, या भीतीनं खुशाली लिहून मोकळा व्हायचो. तू गेलीस, आणि आता चाचाही नाहीत. मराठीत तुला लिहिलेलं हे माझं पहिलंच पत्र, आणि खरं सांगतो, तुला कुणी वाचून दाखवणार नाही म्हणूनच मला ते लिहिता आलं.