तिसऱ्या पेटीचा नॉब

३ मार्च
या वॉर्डात काम करणाऱ्या आणि माझ्यानंतर येणाऱ्या परिचारिकांनो, मशीन ओरडलं की बोलणी आपल्यालाच बसतात, हे मी नव्याने सांगायला नको. पण आज तक्रार नाही. नवी नोकरी, लख्ख खोली, काचेच्या सात पेट्या. माझ्याकडे तिसरी. तिच्यात सव्विसाव्या आठवड्यातच जन्मलेली चिमणी, ओंजळीत मावेल एवढी, घशात श्वासाची नळी, व्हेंटिलेटरवर. नळीमुळे रडण्याचा आवाजच फुटत नाही. तिची आई काचेला कान लावून बसते. म्हणाली, "सिस्टर, हिला एकदा रडताना ऐकायचंय."

५ मार्च
डॉक्टरांनी समजावलं. बाळ जितकं अपुऱ्या दिवसांचं, नळी जितके जास्त दिवस, हवेचा दाब आणि ऑक्सिजन जितका जास्त, तितकी फुप्फुसं कायमची अधू होण्याची भीती. पडद्यावर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा नव्वद ते पंचाण्णव पुरे. इथे सगळीकडे शंभर, आणि वरच्या आकड्याचा अलार्म बंद करून ठेवलेला! वॉर्ड सांभाळणाऱ्या मोठ्या सिस्टर हसल्या. शंभरपैकी शंभर मिळाले म्हणून कुणी रडतं का गं, म्हणाल्या. मी ऐकवलं, ही माया नव्हे, लाडानं पाजलेलं विष आहे. चिमणीला जाणाऱ्या ऑक्सिजनचा नॉब तीस टक्क्यांवर आणला. पडद्यावरचा आकडा ब्याण्णववर स्थिरावला.

८ मार्च
नॉब साठवर. कुणी हात लावला नाही म्हणतात. खाली आणला. जेवून आले, पुन्हा साठ. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, तुझ्या आधीचीही असंच म्हणायची. शेवटी शेवटी सह्या डाव्या हातानं करायची.

१० मार्च
एक्स-रे आला. फुप्फुसांत जाळं धरू लागलंय. नळी निघणं लांबलं. आईला सांगवत नाही. ती शंभर बघते आणि मला आशीर्वाद देते. नॉबवर चिकटपट्टी लावली.

११ मार्च
पट्टी फाटलेली. तिचा तुकडा माझ्या नखात —

१२ मार्च
नजर हटवली नाही. आकडा एक्याण्णव. अगदी योग्य. तरी हात उठला. माझाच. थांब म्हटलं, थांबला —

१३ मार्च
डाव्या हातानं लिहितेय. उजवा नॉबवर. निघत नाही. सत्तर. अलार्म गप्प. समोर आई हसतेय, शंभर बघून. ओरडायला तोंड उघडलं तर मोठ्या सिस्टरांचा आवाज निघाला: "छान चाललंय."

बायांनो, वाचत बसू नका. तिसऱ्या पेटीजवळ या. माझा हात नॉबवरून ओढून काढा, मोडला तरी चालेल, ऐंशी झा—