दुसऱ्या पाळीची बाई

क्लबचं वसतिगृह,
९ नोव्हेंबर

तीर्थरूप सासूबाईंना सूनबाईचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. भिंगरीने माझ्या जुन्या बुटात दूध ओतलं हे वाचून आधी हसले, मग रडू आलं. दोन वर्षांची लेक तुमच्या गळ्यात घालून मी इथे फुटबॉलमागे धावतेय, आणि तुमचे चिरंजीव तिकडे बोटीवर इंजिनाला तेल पाजताहेत. तुमचं नशीबच थोर!

आता खरी बातमी. प्रशिक्षकांनी, म्हणजे आमच्या मास्तरांनी, मला पहिल्या अकरातून काढलं. आम्ही यंदाच वरच्या लीगमध्ये आलोय. मोठ्या क्लबांकडे एकेका जागेला तीन-तीन खेळाडू, आमच्याकडे जेमतेम दीड. म्हणून मास्तरांनी युक्ती काढली: पहिला तासभर हरिणी खेळणार (एकोणीस वर्षांची आहे, धावते तशी, म्हणून हे नाव), आणि तिचा दम संपला की उरलेला वेळ मी. इतकी वर्षं मधल्या फळीत सुरुवातीपासून खेळले, आणि आता उरलंसुरलं वाढल्यासारखी मला मैदानात वाढतात. फार लागलंय मनाला.

क्लब खाली घसरला तर मी बूट कायमचे खुंटीला टांगणार, हे मास्तरांना सांगून टाकलंय. पण खेळ संपायचाच असेल तर तो बाकावर बसून तरी संपू नये.

भिंगरीला पापे. तुमच्या रागावण्याचीसुद्धा वाट बघणारी,
तुमची सून


घर,
१७ नोव्हेंबर

चि. सौ. सूनबाईस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलं, रडगाणं वाचलं. शनिवारचा सामनाही पाहिला. तू बाकावर तोंड फुगवून बसलेली टीव्हीत दिसलीस. भिंगरीने ते तोंड बरोबर ओळखलं आणि आपलंही फुगवून दाखवलं. आता दोघींची समजूत मी एकटीने कशी काढायची?

मोज्यांच्या कारखान्यात मी वीसेक वर्षं दुसऱ्या पाळीला होते, हे तू विसरलीस वाटतं. सकाळच्या बायकांना पुसलेली यंत्रं आणि नवी रिळं मिळायची. आमच्या वाट्याला तापलेलं लोखंड आणि गाठी पडलेला धागा. मलाही सुरुवातीला राग यायचा. मग मी भोंग्याच्या आधीच जाऊन नुसती उभी राहायला लागले, कुठलं यंत्र थकलंय ते बघत. भोंगा झाला की सरळ त्याच यंत्रापाशी. तू बाकावर बसून काय करतेस? नखं खातेस. त्यापेक्षा समोरच्या संघात कोण दमलंय ते बघ आणि तिच्याकडूनच घुस.

आणि मोजे वर ओढून खेळ. घोट्यावर लोळताना दिसतात, जन्मभर मोजे विणलेल्या बाईची अब्रू जाते.

बाकी सर्व ठीक. माया आहेच, ती पत्रातून कळवायची गरज नाही.
तुझी सासू


क्लबचं वसतिगृह,
२ फेब्रुवारी

ती. सासूबाईंना सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं आणि तोंडावर आपटले! परवाच्या सामन्यात त्यांची उजवीकडची बचावपटू सारखी गुडघ्यांवर हात टेकून वाकत होती. मी मनात म्हटलं, सापडली. आत गेल्या गेल्या चेंडू तिच्याच अंगावर नेला. तिने तो असा अलगद काढून घेतला की मला कळलंही नाही, आणि त्याच चेंडूवर आमच्यावर गोल झाला. नंतर समजलं की ती पहिल्या मिनिटापासून तशीच वाकून उभी राहते. सवय आहे म्हणे तिची.

हरिणीने गुपचूप पाण्याची बाटली आणून दिली. पोर इतकी गुणाची आहे की तिचा धड रागही करता येत नाही. शेवटचे दोन संघ खाली जाणार, आणि आज आम्ही त्या दोघांतच आहोत. रात्री झोप लागत नाही, आई.

तुमच्या धीराच्या दोन ओळींची आस लावून बसलेली,
सून


घर,
१० फेब्रुवारी

चि. सूनबाईस आशीर्वाद.

अगं वेडे, रोज खडखडणारं यंत्र बिघडलेलं नसतं, ती त्याची बोलायची रीत असते. आमच्या कोपऱ्यातलं एक तर ढोल बडवल्यासारखं वाजायचं, आणि सगळ्यांत नीट मोजे तेच विणायचं. मला धास्ती वाटायची ती आवाज बदललेल्या यंत्राची. हे मागेच लिहायला हवं होतं, पण तेव्हा भिंगरी हातातलं पेन ओढत होती. तेव्हा तो गोल निम्मा माझ्या नावावर मांड.

यापुढे आधी प्रत्येकीची नेहमीची रीत बघून ठेव. कोण वाकते, कोण लंगडते, कोण बडबडते. मग त्यात काय बदललं ते बघ. आणि झोप घे. जागरण केलेली बाई दुसऱ्या पाळीला काही कामाची नाही.

जिवाला जपून राहा, तेवढं केलंस तरी मला पुष्कळ.
तुझी सासू


क्लबचं वसतिगृह,
१९ मे

ती. सासूबाईंना सा. न. वि. वि.

राहिलो! आई, वरच्या लीगमध्ये राहिलो! तुम्ही सामना पाहिलात, तरी जे टीव्हीत दिसलं नाही ते लिहिते.

आम्हाला जिंकणं भागच होतं, आणि एक-एक बरोबरी झालेली. त्यांची कर्णधार बचावात मधोमध उभी असते, भिंतीसारखी, आणि तोंड अखंड चालू. हिला पुढे ढकल, तिला मागे ओढ, मधूनच पंचाला शहाणपण शिकव. बाकावर बसून माझे कान किटले होते. आणि एकाएकी मला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. ती गप्प झाली होती. वाकली नव्हती, लंगडत नव्हती, चेहराही तोच. फक्त आवाज बंद. मी मास्तरांचा हात धरला आणि म्हटलं, मला आत्ता पाठवा आणि सगळे चेंडू मधूनच द्यायला सांगा. ते म्हणाले, मधे तर त्यांची सगळ्यांत भक्कम बाई आहे. मी म्हटलं, तीच संपलीय.

हरिणी बाहेर येताना धापा टाकत कानात सांगून गेली की तासभर मी तिलाच पळवलंय ताई, आता ती वळायला उशीर करते. पोरीने अर्धं काम करूनच ठेवलं होतं! चेंडू आला, मी कर्णधाराच्या डावीकडून निघाले. ती वळेपर्यंत मी गोलरक्षकासमोर होते. मारला. पुढचं मला आठवत नाही, सगळ्याजणी अंगावर पडल्या होत्या.

मास्तर म्हणाले, पुढच्या हंगामात तू पहिल्या अकरात. मी म्हटलं, ती जागा हरिणीचीच राहू द्या, मला दुसरी पाळीच हवी. पण त्यांना पक्का शब्द दिलेला नाही. आणखी एक वर्ष भिंगरीला सांभाळाल का, हे विचारायला जीभ रेटत नाही, म्हणून लिहून विचारते.

तुमच्या होकाराकडे डोळे लावून बसलेली,
तुमचीच सून


घर,
२६ मे

चि. सौ. सूनबाईस अनेक अनेक आशीर्वाद.

माझा घसा बसलाय, त्यामुळे बरं झालं पत्रच लिहायचं आहे. तू गोल मारलास तेव्हा मी अशी ओरडले की शेजारच्या नर्सबाई औषधांची पेटी घेऊन धावत आल्या. भिंगरी आधी दचकून रडली, मग टीव्हीजवळ जाऊन तुझ्या तोंडावर हात फिरवत बसली. काच अजून पुसलेली नाही.

वर्षाचं काय विचारतेस? पाय चालतात तोवर खेळ. मास्तरांना आजच हो म्हणून सांग. सुट्टीला मात्र ये, पोरीला आई नुसती काचेतून पुरत नाही.

एक सांगते. वीस वर्षं भोंगा झाला की यंत्र बंद केलं आणि अंधारात घरी आले. लाखो मोजे विणले असतील, पण कोणी कधी टाळी वाजवली नाही, आणि मोज्यांसाठी कोण वाजवणार? त्या दिवशी सगळं स्टेडियम तुझ्यासाठी उभं राहिलं तेव्हा मीही टीव्हीपुढे उभी राहिले. रागावू नकोस, पण त्यातल्या थोड्या टाळ्या मी माझ्यासाठी ठेवून घेतल्या.

आहे तो जिव्हाळा उणा पडू देऊ नकोस.
तुझी सासू