फक्त उजवी वळणं

११ मे १९५२, रविवार

नवरा शर्यतीत नववा आला! आणि थाट असा, जणू पोपनं स्वतःच्या हातानं मुकुट चढवलाय.

दुपारी जेवणाच्या टेबलावर सगळी शर्यत पुन्हा झाली. मिठाचं भांडं म्हणजे वकील बोफ्फाची गाडी, चीज किसायची किसणी म्हणजे मिलानहून आलेला कुणी सरदारपुत्र, आणि मोहरीची बरणी म्हणजे आमचे इप्पोलितो क्रावेरो. बरणी भराभर पुढे सरकली, किसणीला वळसा घालून गेली. सासूबाई सूप पीत शांतपणे बघत होत्या. शेवटी विचारलं, "आणि पुढचे आठ जण कुठायत? स्वयंपाकघरात?"

"आई, त्यांच्या गाड्या मोठ्या होत्या."

"तुझे वडील गिरणीत पहिले पोचायचे. सायकलवर."

स्वारी हसली आणि वाईन ओतायला गेली. निम्मी पेल्यात, निम्मी माझ्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर! नेहमीचंच आहे हे. डोंगरातल्या वळणावर गाडी सांभाळणाऱ्या माणसाला टेबलावरचा पेला सापडत नाही.

१३ मे

डाग निघाला नाही.

२२ मे, गुरुवार

सवतीला आज आंघोळ. तीन हौद पाणी, मऊ फडकी, वर मेण. लाल आहे, नखरेल आहे, पेट्रोल पिते भरपूर. तोरिनोच्या एका छोट्या कारखान्यात तिची कुडी घडवून घेतलीय. आमच्या लग्नात माझ्या पोशाखासाठी सुद्धा इप्पोलितो इतक्यांदा शिंप्याकडे गेला नव्हता.

"तिला नवीन हातमोजे नकोत का?" मी खिडकीतून विचारलं.

"तिला नको. मला हवेत," तो म्हणाला. खरंच म्हणाला! शर्यतीच्या कपड्यांखाली टाय बांधतो हा माणूस. अपघात झालाच तर कुणी अजागळ म्हणायला नको, असं एकदा म्हणाला होता. तेव्हा मी खूप हसले. मग न्हाणीघरात जाऊन दार लावून बसले होते.

मला भीती वाटते हे मी त्याला कधी सांगत नाही. चेष्टा करते. त्याला चालते चेष्टा. भीती चालणार नाही.

३ जून, मंगळवार

पिएरीन पडला. सात वर्षं नवऱ्याच्या शेजारी बसून दऱ्यांच्या कडेनं गेलेला हा मेकॅनिक, खरचटलं नाही कधी. आणि आज स्वतःच्या अंगणातल्या चेरीच्या झाडावरून पडून मांडी मोडून बसला! कमरेपर्यंत प्लास्टर.

मला वाटलं इप्पोलितो हसेल. तो भिंतीसारखा पांढरा झाला. "तीन खिंडींची शर्यत पंधराला आहे," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, गाडी तूच चालवतोस ना? तर म्हणे, "पिएरीनशिवाय नाही जमणार."

वकील बोफ्फानं आपला भाचा देऊ केला. नको म्हणाला. गिरणीतला यंत्रावरचा मुख्य माणूस आपणहून तयार झाला. त्यालाही नको.

जेवताना मी नुसती गंमत म्हणून बोलले, "मी येते की! नकाशा वाचता येतो मला. तुझ्यापेक्षा बरा."

कुणीच हसलं नाही. इप्पोलितोनं काटा खाली ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नाचं विचारताना पाहिलं होतं.

सासूबाई म्हणाल्या, "जा. शेवटी काय म्हणाला, ते निदान कळेल तरी."

५ जून

पिएरीनला भेटायला इस्पितळात. अंड्याची बिस्किटं नेली होती, मी टोपी काढेपर्यंत निम्मी संपली.

"बाईसाहेब, एकच लक्षात ठेवा. फक्त उजवी वळणं सांगायची. आधीपासून, आणि मोठ्यांदा. किती तीव्र, तेही."

"आणि डावी?"

"डावी मालक बघतात त्यांची ते."

"हे काय नवीन! उजवीशी काय वैर आहे त्यांचं?"

पिएरीननं बिस्किटाकडे बघत उत्तर दिलं, "सवय आहे, बाईसाहेब." मग दुसरं उचलत, "गप्प बसू नका. ओरडून घसा बसला तरी चालेल, पण गप्प बसू नका."

मी म्हटलं, याबाबतीत माझ्या माहेरच्यांना विचार, मला गप्प कसं बसवायचं हाच प्रश्न होता.

८ जून, रविवार

चर्चमधला मास बुडवून सराव! सासूबाईंनी दोघांच्या वाटची प्रार्थना करायचं कबूल केलंय.

पहिल्याच चढावर टोपी गेली. तिसऱ्या वळणावर मी किंचाळले, "उजवं!" तर म्हणाला, "गेलं ते, देल्फिना! आधी सांगायचं असतं, आठवण म्हणून नव्हे." नंतर जमायला लागलं. "उजवं, मोकळं. उजवं, घट्ट. उजवं, फार घट्ट, कोपऱ्यावर चॅपल!" तो ऐकतो आणि गाडी वळते. मी बोलते आणि नवरा ऐकतो! पाच वर्षांत हे पहिल्यांदाच.

खाली आलो तेव्हा केसांत माश्या, दातांत धूळ. आणि मी म्हटलं, "पुन्हा."

देवा, सवत मला आवडायला लागलीय.

१४ जून

चौकात सगळ्या गाड्या तपासायला आणल्या होत्या. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं, आमच्या गाडीवर जरा जास्तच. अर्थ काय घ्यायचा त्याचा?

वकील बोफ्फा – गुलाबी गाल, पिवळा रुमाल – हॅट काढून वाकले. "सिन्योरा! तुम्ही वजन म्हणून बसताय की देखरेखीला?"

"मागे लक्ष ठेवायला, वकीलसाहेब. तुम्ही मागे असाल ना, हात हलवेन."

इप्पोलितो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग बोफ्फाशी हात मिळवताना त्याचा हात चुकून हवेतच राहिला. बोफ्फानं शोधून धरला.

१६ जून, सोमवार

काल लिहिणं शक्य नव्हतं. आवाज अजूनही नाही, कावळ्यासारखी बोलतेय.

पहिली खिंड छान गेली. ऊन, रस्त्याकडेला बायका, पोरं, घंटा वाजवणाऱ्या गाई. दुसऱ्या खिंडीच्या चढावर बोफ्फाची गाडी दिसली आणि स्वारीच्या अंगात आलं. माथ्यावर पोचलो तर ढग. पुढे बोफ्फाही नाही, रस्ताही नाही, नुसता कापूस. मी माझ्या चष्म्यावरचं पाणी पुसायला गेले, बोटांना ग्रीस होतं, काचा आणखीच माखल्या. तो काढून फेकेपर्यंत मी बोलले नाही. तेवढाच वेळ.

वळण उजवं होतं. मला ते ढगातून उघडं पडताना दिसलं – दगडी कठडा, त्यापलीकडे काही नाही. मी वाट पाहिली की तो वळेल. गाडी सरळ चालली होती.

"उजवं!!"

चाक कठड्याला घासलं. दगडाचा तुकडा माझ्या मांडीवर येऊन पडला. गाडी आडवी झाली, मग पुन्हा सरळ.

"बोल!" तो ओरडला. "देल्फिना, काहीही बोल, पण गप्प बसू नकोस!"

मी त्याच्याकडे पाहिलं. पुढचं वळणही उजवं होतं, आणि ते बघायला त्यानं सगळं डोकं वळवलं होतं. कोंबडी दाणा बघते तसं. अगदी नाकापलीकडून, डाव्या डोळ्यानं.

त्या क्षणी कळलं. वाईन. बोफ्फाचा हात. फिरायला जाताना मला कायम स्वतःच्या उजवीकडे घेतो, कारण "सभ्य माणसानं बायकोला असंच न्यावं" – आणि दारांच्या चौकटी, खांब, माणसं त्याच्याऐवजी मी चुकवत असते. भुवईवरचा तो देखणा व्रण. युद्धात लोखंडाचा तुकडा लागला होता, "नुसता चाटून गेला."

चाटून!

भांडायला वेळ नव्हता. मी ओरडायला लागले. उजवं, डावं, बैलगाडी, पूल, कुत्रा, म्हातारी, उजवं, मूर्खा, उजवं! डोंगर उतरेपर्यंत माझ्या तोंडून ज्या शिव्या गेल्या, त्या नन लोकांच्या शाळेत मी कुठे शिकले, देव जाणे. आणि तो हसत होता. खरंच हसत होता, आणि गाडी अशी खाली उतरत होती जसं पाणी उतरतं.

तिसरे आलो. बोफ्फा पाचवा. मी हात हलवला.

कप दिला, फुलं दिली, लोकांनी गालांचे मुके घेतले. कुणीतरी म्हणालं, "सिन्योरा रडतायत, केवढा आनंद झालाय बघा!"

१७ जून

आज गॅरेजमध्ये गाठलं त्याला. कठड्यानं ओरखडलेल्या चाकाजवळ बसला होता.

"उजव्या डोळ्यानं काय दिसतं तुला?"

"तू समोर उभी असलीस तर तुझा आवाज." म्हणजे चेष्टा माझ्यावरच!

"केव्हापासून?"

"युद्धापासून. पिएरीननंच मला ट्रकमधून बाहेर ओढलं होतं."

"म्हणजे लग्नाआधी! आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"हो म्हणाले असते."

"दयेनं."

मी चाकावरचा ओरखडा बोटानं चाचपला.

"तेच तर," तो म्हणाला. "गिरणीत सगळे मला सांभाळून घेतात. मालकाचा मुलगा, युद्धातून आलेला. या गाडीत कुणी सांभाळून घेत नाही. रस्ता तर नाहीच."

"आणि लायसन्सचे डॉक्टर?"

"त्यांचा अक्षरांचा तक्ता मला पाठ आहे. सुंदर म्हणतो मी."

मी बादली लाथाडली. सासूबाईंकडे गेले. त्या वाटाणे सोलत होत्या. म्हटलं, तुम्हाला माहीत होतं?

"मी आई आहे. लहानपणी दूध नीट ओतायचा तो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू त्याला वेंधळा म्हणायचीस तेव्हा किती खूश व्हायचा! म्हटलं, राहू दे."

म्हणजे माझ्याखेरीज सगळ्यांना! बोफ्फालासुद्धा असेल. तो हात कसा शोधून धरला त्यानं.

१९ जून

बोलत नाही मी.

२० जून

अजूनही नाही. त्यानं कप माझ्या खोलीत आणून ठेवलाय, आत बागेतली गुलाबं. पाणी घालायला विसरला. मी घातलं. त्याच्यासाठी नाही, गुलाबांसाठी.

२४ जून, सान जोव्हान्नी

गावात संताच्या सणाच्या शेकोट्या. दोघं नदीपर्यंत गेलो. मी मुद्दाम त्याच्या डावीकडून चालले, आणि तो खांबावर आपटला. "सूड?" त्यानं विचारलं. "हो." "झाला?" "झाला." मग मी उजवीकडे गेले.

शेकोटीकडे बघताना तो डावा डोळा सारखा मिटत होता. दिव्यांभोवती हल्ली धुकं दिसतं म्हणाला, उजेड टोचतो. धुरामुळे असेल.

"धुरामुळे नाही," मी म्हटलं. "तोरिनोला जायचं. डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांकडे. आणि तिथला तक्ता पाठ करायचा नाही."

"डॉक्टर म्हणाले, हा डोळा ठीक आहे, तर?"

"तर सप्टेंबरच्या शर्यतीत मी ओरडेन."

तिथंच, सगळ्या गावासमोर, त्यानं माझ्या हाताचा मुका घेतला. या वेळी हात बरोबर सापडला.

१ जुलै, मंगळवार. सावोना

जखमी डोळ्याचं दुखणं चांगल्या डोळ्यात उतरलंय. एक नवीन औषध आहे, बघू, म्हणाले तोरिनोचे डॉक्टर. 'बघू' म्हणताना स्वतःच थांबले. इप्पोलितोनं त्यांचे आभार मानले, टाय नीट केला आणि विचारलं, "समुद्राकडे कुठला रस्ता जातो?"

गाडी मी चालवली, इथं किनाऱ्यापर्यंत. सासूबाईंना फोन केला. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. मग म्हणाल्या, "राहा. घाई नको."

आता बाल्कनीत आहोत. त्यानं खुर्ची कठड्याकडे पाठ, माझ्याकडे तोंड करून ठेवलीय.

मी म्हटलं, "अरे, समुद्र मागे आहे तुझ्या."

"माहीत आहे," म्हणाला. "तू लिही. हलू नकोस."