सात वेली, मातीआड

२६ आबान

द्राक्षाच्या वेली गाडल्या एकदाच्या! अख्खी गल्ली आठवड्यापूर्वीच मोकळी झाली होती, आमच्याच राहिल्या होत्या. शेजारचे नूरअलीकाका येता-जाता भिंतीवरून बघायचे आणि खोकायचे. उघड बोलले नाहीत, पण त्यांचं खोकणं मला कळतं.

दरवर्षी हे काम माझ्या नवऱ्याचं, हश्मतचं. काड्या छाटायच्या, वेल हळूहळू वाकवून जमिनीवर निजवायची, वर पेंढा, पेंढ्यावर हातभर माती. मग अल्वंदच्या डोंगरावरून कितीही बर्फ उतरू दे. आम्ही दोघी नुसत्या टोकं धरून उभ्या असायचो. आता तो नाही. शहरीवर महिन्यात, द्राक्षं काढणीला आली असतानाच गेला. टोकंही आमची आणि फावडंही आमचं.

तलअत हुकूम सोडत होती. "वाकव वहिनी, मोडत नाही ती." वाकवली. मोडली. मग मोडली कुणी यावर अर्धा तास. माझी ही नणंद एकोणसाठ वर्षांची आहे आणि आजवर तिच्या हातून काहीही मोडलेलं नाही, सगळं माझ्याच हातून मोडतं! मी लग्न होऊन आले तेव्हा अठराची होते, तेव्हाही हेच.

शेवटच्या वेलीवर माती ओढताना मात्र भांडण थांबलं. दोघींना एकच आठवत होतं, हश्मतवर लोटलेली माती.

५ आजर

पहिला बर्फ. सात ढिगारे पांढरे झाले. तलअतने मोजले, जणू एखादा पळून जाणार होता.

१ दी

आजपासून थंडीचे मोठे चाळीस दिवस. वर्षातल्या सर्वांत लांब रात्रीचं कलिंगड आणलं नाही, यंदा घरात सुतक. आक्रोड फोडले आणि शेगडीवर पसरलेल्या रजईखाली पाय घालून बसलो.

कराजहून नासेरचा फोन. हश्मतचा पुतण्या, पण जीव आत्यावर. त्याचं म्हणणं, आत्याने आता त्याच्याकडे यावं. बायको नोकरीला जाते, दोन मुलं आहेत, घर गरम आहे, नळाला गरम पाणी आहे. तिथे गोठून मरणार आहात का, वगैरे. मग फोन माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, काकू, तुमचे भाऊ आहेतच ना इस्फहानला! गोडच बोलला. भाऊ आहेत खरे. चार वर्षांत त्यातला एकही इकडे फिरकला नाही.

तलअत त्याला म्हणाली, "वेली उघडून होऊ देत, मग बघते."

मी आक्रोड फोडत राहिले. चांगलंच आहे. तिने आयुष्यभर या घराच्या चुलीपुढे काढलं, आता जरा सुख बघावं. मी कोण अडवणार?

१९ दी

उणे सतरा! नळ गोठला. बर्फ वितळवून चहा केला. तलअतने तिचे बर्फासारखे पाय रजईखाली माझ्या पायांवर ठेवले. विचारलंसुद्धा नाही.

११ बहमन

मोठे चाळीस संपले, धाकटे वीस सुरू. मला ते संपूच नयेत असं वाटतंय. असली इच्छा या गावात कुणाला होत असेल? वेडी झालेय मी.

घरात एकटी असले की कसं असेल, याची तालीम करून पाहिली. तलअत बेकरीत गेली होती. अर्धा तास मी कुणाशी बोलले नाही. मग किटलीशी बोलले.

४ एस्फंद

छपरावरून थेंब थेंब पडायला लागले. ढिगाऱ्यांच्या दक्षिण बाजूला माती दिसतेय. तलअत म्हणाली, यंदा लवकर उघडाव्या लागणार. मी म्हटलं, घाई नको, म्हातारीची थंडी जायची आहे. एस्फंदच्या शेवटी ती एकदा परत येतेच, हे तिलाही माहीत आहे. 

१९ एस्फंद

आज खोटं बोलले.

स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर तापमापक आहे. हश्मतने तो स्वतःच्या उंचीने टांगला, तलअतला चष्मा लावूनही वाचता येत नाही. त्यामुळे रोज सकाळी मी वाचते आणि मोठ्याने सांगते. आज चार होतं. चार! मी म्हटलं, "उणे दोन."

ती म्हणाली, "असं? अंगणात तर बरं वाटलं." मी म्हटलं, वारा नाही म्हणून. इतकी वर्षं शाळेत मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं. जीभ जराही अडखळली नाही.

२६ एस्फंद

म्हातारीची थंडी येऊन गेली. तीन दिवस, नेमाने. नूरअलीकाकांनी उघडल्या. समोरच्यांनी उघडल्या. तलअतची भुणभुण सुरू झाली. सकाळी तेच, जेवताना तेच. "माती तापलीय वहिनी, हात लावून बघ." मी हात लावला. तापली होती. म्हटलं, गारच आहे.

किती घाई झालीय हिला जायची! कराजला नळाला गरम पाणी आहे ना.

१ फरवर्दीन

हश्मतशिवायचा पहिला नवरोज. सकाळपासून माणसं. नूरअलीकाकांच्या बायकोने दोघींना रंगीत कापड आणलं, म्हणाली, पुरे झालं आता, काळं उतरवा. मला करडं, तलअतला हिरवं. तिला हिरवं शोभतं. कराजला घालेल.

मासळी-भात केला. तिघांच्या अंदाजाने शिजवला. हात अजून शिकले नाहीत.

९ फरवर्दीन

अकरा. सांगितलं, एक.

१० फरवर्दीन

काकांनी भिंतीवरून विचारलंच. म्हणाले, पोरींनो, वेलींचे डोळे आत फुटतील आणि कुजतील, वाट कसली बघताय? तलअतने माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला विचारा. हिची थंडी अजून गेलेली नाही."

मला ठाऊक आहे काय होतं ते. मातीखाली डोळा फुटला की तो अंधारात वाढत जातो, आणि उघडताना मोडतो, नाहीतर आतच सडतो. चाळीसहून जास्त वर्षं ऐकत आलेय. तरी दुपारी म्हटलं, नवरोजचा तेरावा दिवस होऊ दे. तेराव्या दिवशी सगळं गाव ओढ्याकाठी जेवायला जातं, त्याआधी कशाला माती उकरायची? कारणं कशी सुचतात मला!

तलअत जेवलीच नाही नीट. म्हणाली, "दादाने लहान पोरासारख्या सांभाळल्यात त्या."

१४ फरवर्दीन

काल पाऊस झाला. आज सकाळी उठले तर तलअत अंगणात, डोक्यावरून घ्यायची चादर कमरेला बांधून, हातात फावडं. तापमान विचारलंही नाही.

मी धावले. दोघींनी हातांनी माती बाजूला केली. पहिल्या वेलीवर कोंब होते, बोटबोटभर, पांढरे, मसुराच्या मोडांसारखे. हात लागला की तुटत होते. दुसरीवर तसेच. चौथी काळी पडली होती आणि वास येत होता. सहावीही तशीच. तलअत चिखलातच बसली. रडली नाही. सहावीची काळी काडी हातात धरून नुसती बसली. सासऱ्यांनी ती वेल तिच्या जन्माच्या वर्षी लावलेली.

मग माझ्याने राहवलं नाही. सगळं सांगितलं. चारचं उणे दोन, अकराचं एक, गरम मातीला गार म्हटलं, सगळं.

"का पण?"

"उघडल्या की तू जाणार म्हणालीस."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "जाऊ नकोस, तलअत. मला एकटीला इथे राहता येणार नाही." बोलले एकदाची. त्रेसष्टाव्या वर्षी, चिखलात उभी राहून, नणंदेला!

तिने काळी काडी बाजूला ठेवली. मग नाक पुसलं आणि म्हणाली, "आधी पोती आण. ऊन लागलं तर उरलेलेही जळतील."

पोती आणली.

१८ फरवर्दीन

रोज सकाळी पोती थोडी सरकवायची, कोंबांना हळूहळू उजेड दाखवायचा. सातांतल्या पाच जगल्या. कोंब फिकट पिवळे झालेत, दोन-तीन तर चक्क हिरवट. चौथीपाठोपाठ सहावीही खोडापासून कापावी लागली. मी कापते म्हटलं, तलअतने करवत दिली नाही, स्वतः कापली.

माझ्याशी कामापुरतं बोलते. मीठ दे, दोर धर. जाणार की राहणार, यावर अक्षर नाही. विचारायची माझी आता प्राज्ञा नाही. माझ्याच हातांनी सासऱ्यांच्या दोन वेली मारल्या मी. तिने आजच बॅग भरली तरी मी काय म्हणून बोलणार?

२१ फरवर्दीन

आज डाळ-पालेभाजीची आश शिजवताना मीठ दोनदा पडलं. तलअतने खाल्ली सगळी. काही म्हणाली नाही. ती काही म्हणत नाही याचीच जास्त भीती वाटते.

२४ फरवर्दीन

नासेरचा फोन. तलअत मागे मांडवाच्या तारा ओढत होती, मी घेतला. मन घट्ट करून विचारलं, आत्याला न्यायला कधी येतोस ते सांग, तिच्यासाठी सुका मेवा बांधून ठेवते.

तो गोंधळला. "काकू, आत्याने बहमनमध्येच नाही म्हणून सांगितलंय. वहिनीला टाकून कुठे येऊ, म्हणाली. आणि वहिनीला बोलू नकोस, उपकार केल्यासारखं वाटेल तिला."

बहमनमध्ये!

म्हणजे सगळा एस्फंद आणि अर्धा फरवर्दीन ती माझ्याशी वेलींसाठी भांडत होती. फक्त वेलींसाठी.