राहून गेलेली विनंती

मंगळवार, ता. ९

पोचले एकदाची. बस फाटकातून आत वळली, झाडांच्या वर मनोरंजन-उद्यानाचं ते अजस्र चक्र दिसलं आणि मी चक्क टाळी वाजवली. शेजारच्या आजोबांनी दचकून पिशवी पोटाशी धरली.

अकरा वर्षांनी आले इथे. तेव्हा मुंगी सात वर्षांची होती. मुंगी म्हणजे माझी लेक. साखरेचा डबा कुठेही लपवा, हिला सापडायचाच. आता ती अठरा वर्षांची आहे, कॉलेजच्या वसतिगृहात राहते. तिचे बाबा दुसऱ्या शहरात, दुसऱ्या संसारात. त्यामुळे या खेपेला मी एकटीच, रविवारपर्यंत.

पाच वर्षं झाली, आई अंथरुणाला खिळून आहे. डावी बाजू पार गेली. भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं, सगळं माझ्याकडे. या वेळी धाकट्या बहिणीने आपणहून रजा टाकली आणि मला घरातून जवळजवळ हाकललंच. रविवारी संध्याकाळी तिची परतीची गाडी आहे, त्याआधी मी घरी हवी. फ्रिजवर तिच्यासाठी यादी चिकटवून आलेय. आई गोळ्या जिभेखाली लपवते आणि आपली पाठ वळली की थुंकते. त्यावर एकच उपाय आहे. मानेवरून हात फिरवत तीनदा 'गिळ' म्हणायचं, तिसऱ्यांदा हसून. 'हसून' या शब्दाखाली मी दोन रेघा मारल्यात. घरात मी तेवढ्यापुरतीच हसते म्हणा.

स्वागतकक्षातल्या बाईंनी नाव सांगायच्या आत मला ओळखलं. खोलीसुद्धा तीच दिली, चौथ्या मजल्यावरची, खिडकीखाली लाकडी घोडे गोल फिरतात ती. पुन्हा येणाऱ्या पाहुण्यांची सगळी नोंद आम्ही ठेवतो, असं म्हणाल्या. मागच्या वेळची तुमची एक विनंती पुरी करायची राहून गेली होती, त्याबद्दल दिलगीर आहोत, या वेळी राहणार नाही. कसली विनंती ते मला काही आठवेना. जादा उशी मागितली असेल.

पलंगाजवळ सपातांचे दोन जोड ठेवलेत. एक माझ्या मापाचा, एक लहान मुलाचा, पिवळा. नोंद जरा जुनी झालीय त्यांची. दुपारचे तीन वाजलेत. आता झोपते. मला कोणी उठवणार नाही, हे वाक्य लिहितानाच डोळे भरून आले.

बुधवार, ता. १०

सोळा तास झोपले. उठले तर खोली आवरणारी बाई दारात उभी. हसरी आहे, कामाला चलाख. टॉवेलाचं अस्वल करून उशीवर बसवते. तिला म्हटलं, या छोट्या सपाता घेऊन जा, बरोबर लेकरू नाहीये. तिने मान डोलावली आणि घेऊन गेली.

कपाटात माझा निळा कुडता सापडला! मागच्या वेळी इथेच राहिला होता. अकरा वर्षं मी बिचाऱ्या इस्त्रीवाल्यावर आळ घेतला. धुऊन, घडी घालून ठेवलेला. सहज अंगात घालून पाहिला तर अगदी बेतशीर बसला. पाच वर्षांच्या ओढाताणीत मी वाळलेय, त्याचा एवढा तरी फायदा.

दुपारी तळ्यातल्या नावेत बसले. टोपीवालं अस्वल काठावरून हात हलवत होतं. आत कुणी घामाघूम माणूस असेल, पण मीही हात हलवला. धाकटीचा फोन आला. आई गोळ्या थुंकते म्हणून ती वैतागली होती. तिला म्हटलं, अगं हसून म्हण. ती म्हणाली, मला हसायला जमत नाही, तू ये लवकर. रविवारी येते म्हटलं.

गुरुवार, ता. ११

पिवळ्या सपाता परत आल्यात. पलंगाजवळ, माझ्या सपातांना खेटून. उचलल्या तर ओल्या. मी खोली आवरणाऱ्या बाईला विचारलं, तर ती म्हणाली की पाण्याची घसरगुंडी नऊलाच सुरू होते, मुलं भिजणारच. माझ्याबरोबर मूल नाही असं पुन्हा सांगितलं. तिने पुन्हा मान डोलावली. या वेळी सपाता नेल्या नाहीत.

एक गंमत. नाश्त्याला चष्मा विसरून गेले आणि सगळा मेनू वाचला, तळाची बारीक अक्षरंसुद्धा. गुडघाही दुखत नाही. जिने चढले चार मजले, कौतुकाने. झोपेला एवढा गुण असतो तर डॉक्टर लोक गोळ्या का देतात कोण जाणे.

मुंगीचा फोन रोजच्यासारखा बारा वाजता. तीच खोली मिळाली म्हटलं. ती हसत म्हणाली, मागच्या वेळी निघताना मी केवढी रडले होते, आठवतं? आणि तो अभिप्रायाचा कागद देतात ना, त्यावर मी काहीतरी बावळटासारखं लिहिलं होतं. काय लिहिलं होतंस विचारलं तर तिला आठवेना.

शुक्रवार, ता. १२

आरशात केस पाहिले. कानामागे पांढरी बट होती, ती नाही. कुडता मी वाळल्यामुळे बसला नव्हता.

सकाळी धाकटीने विचारलं, आईच्या डॉक्टरांचा नंबर काय. गेली पाच वर्षं तोंडपाठ असलेला नंबर. तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. मग ती म्हणाली, बरं, दवाखाना कुठल्या चौकात आहे ते सांग. तेही नाही. तिला वाटलं मी झोपेत आहे. मी फोन ठेवला आणि ही वही पहिल्यापासून वाचली. मंगळवारी लिहिलेली निम्मी वाक्यं दुसऱ्या कुणाची वाटली. 

तशीच खाली गेले. स्वागतकक्षातल्या बाईंना म्हटलं, ती विनंती कसली होती ते दाखवा. त्यांनी कौतुकाने खण उघडला आणि कागद काढून दिला. जपून ठेवलेला, प्लास्टिकच्या आवरणात. 'पुढच्या वेळी आम्ही आपल्यासाठी काय करू शकतो?' असा छापील प्रश्न आणि खाली पेन्सिलीने, मोठाली वाकडी अक्षरं.

'आईला परत घरी पाठवू नका. ती इथेच हसते.'

खाली एक मुंगी काढली होती, सहा पायांची.

मी तिथेच खुर्चीत बसले. सात वर्षांच्या पोरीला एवढं दिसत होतं. घरी मी आणि तिचे बाबा कसं बोलायचो ते सगळं ती ऐकत होती, आणि मला वाटायचं ती खेळतेय. बाई म्हणाल्या, काळजी करू नका, घरचं सगळं हळूहळू उतरेल. ओझं खाली ठेवायला थोडा वेळ लागतोच.

शनिवार, ता. १३

एक दिवस आधीच निघाले. बॅग नाही, फक्त पर्स आणि ही वही. हॉटेलची बस स्टेशनला जाते. 'पुन्हा या' अशी पाटी मागे गेली, झाडं गेली, वळण आलं, आणि समोर 'स्वागत' अशी पाटी. तेच फाटक. अस्वल हात हलवतंय. ड्रायव्हर म्हणाला, उतरा ताई, आलं. तीनदा बसले. चौथ्यांदा चालत गेले. भर दुपारी, उन्हात, त्या वळणापर्यंत — आणि पुन्हा चक्र समोर.

कुणी अडवत नाही. सगळे किती गोड वागतात.

मुंगीला फोन करून बोलावून घ्यावं असं मनात आलं. नको. तिचं पाऊल इथे पडता कामा नये. तिने तेव्हा काय लिहिलं होतं हे तिला कधी कळताही कामा नये. धाकटीला फक्त म्हटलं, मला उशीर होतोय, तू थांब. ती चिडली. तिची नोकरी आहे, तिचंही खरं आहे.

विसरायच्या आत लिहून ठेवते. मला आई आहे. डावी बाजू गेलीय. मानेवरून हात फिरवायचा, तीनदा 'गिळ', तिसऱ्यांदा हसून. माझी मुलगी अठरा वर्षांची आहे. अठरा. मी थकलेय, खूप थकलेय, पण मला घरी जायचंय. हे मी स्वतः लिहितेय.

न्हाणीघरात पाणी वाजतंय. मी नळ सोडला नव्हता. भीती वाटते.

रविवार

आज कुठे तरी जायचं होतं. संध्याकाळच्या आत. कुणाची तरी गाडी —

गालिच्यावर ओली पावलं. छोटी. पलंगापर्यंत येतात आणि थांबतात. माझ्या बाजूला.

भीती वाटते असं वर लिहिलंय. आता नाही वाटत एवढी. पाठ हलकी झालीय. किती वर्षांनी — किती?

अठरा, असं लिहिलंय. काय अठरा?

रविवारच असावा

फोन वाजला. एक मोठी मुलगी रडत होती. म्हणाली, "आई, मी मुंगी बोलतेय. मावशीला निघावं लागलं गं. आजी माझ्याकडून गोळ्या घेत नाही. तू कुठे आहेस?"

वाईट वाटलं फार. तिला नीट समजावलं, हसून. राँग नंबर लागलाय बाळा, माझी मुंगी सात वर्षांची आहे, आत्ता आंघोळ करतेय.  तिचा रडका श्वास ऐकू येत होता, मी फोन ठेवला.

ही वही कुणाची आहे? अक्षर माझ्यासारखं. कुणाची तरी म्हातारी आई आजारी दिसते. लेक इतकं लिहिते आणि जात का नाही तिच्याकडे — जीव तुटतो वाचून —

नळ बंद झाला.

मुंगी बाहेर आली. केवढी भिजलीय. हात किती गार. तिला म्हटलं बघ गं, कुणीतरी विसरून गेलंय वही. ती म्हणते मिट ती, आई. आता नुसती हस.

थांब गं. एवढं लिहू दे. त्या पोरीला कुणीतरी सांगा, गोळी द्यायच्या आधी मानेवरून हात फिरवायचा, आणि तिसऱ्यांदा